आधी प्रणाली, मग फोन: स्वस्त, करारमुक्त आणि मुक्तस्रोत स्मार्टफोन कसा निवडावा

टेबलावर फोन, त्याला लावलेली केबल, शेजारी उघडा लॅपटॉप. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली, डेव्हलपर पर्याय सुरू झाले आणि यादी खाली सरकवत मी ‘ओईएम अनलॉकिंग’पर्यंत आले. ती ओळ फिकट राखाडी होती. बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. बटण हललं नाही. वाय-फायला जोडून पाहिलं, फोन रीसेट करून पाहिला, तरी तेच. विकणाऱ्याने ‘पूर्ण अनलॉक्ड’ म्हणून फोन दिला होता आणि त्याच्या परीने तो खरं तेच बोलत होता, कारण कुठलंही सिम टाकलं तरी फोन चालत होता. मला मात्र त्यावर लाइनेज ओएस, म्हणजे अँड्रॉइडच्या मुक्त कोडवर बनलेली पर्यायी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम), बसवायची होती, आणि ते दार त्या फोनवर कायमचं बंद होतं.

तेव्हापासून मी फोन उलट्या क्रमाने घेते. बहुतेक जण आधी फोन पसंत करतात, घरी आणतात आणि मग त्यावर कुठली मुक्त प्रणाली चालेल याचा शोध घेतात. माझा क्रम असा: आधी प्रणाली ठरवायची, तिच्या यादीतून मॉडेल काढायचं आणि मग त्या मॉडेलचा योग्य नग शोधायचा. या क्रमाने गेलं तर स्वस्तातला फोनही चार-पाच वर्षं नीट साथ देतो.

‘अनलॉक्ड’ या एका शब्दात दोन कुलपं

पहिलं कुलूप सिमचं. टेलिकॉम कंपनी करारावर किंवा सवलतीत फोन देते तेव्हा तो फक्त तिच्याच सिमवर चालावा अशी सोय करून ठेवते. करार संपला, पैसे फिटले की हे कुलूप बहुधा काढून मिळतं.

दुसरं कुलूप बूटलोडरचं. फोन सुरू होताना अगदी सुरुवातीला जो छोटा प्रोग्राम चालतो तो बूटलोडर. पुढे कुठली प्रणाली चालू द्यायची हे तो ठरवतो. तो बंद असेल तर निर्मात्याची डिजिटल सही असलेलीच प्रणाली सुरू होते. काही टेलिकॉम कंपन्यांकडून विकले गेलेले फोन असे असतात, की सिमचं कुलूप निघालं तरी बूटलोडरचं कधीच निघत नाही. तेच मॉडेल थेट निर्मात्याकडून घेतलं तर सहज उघडतं. बाहेरून दोन्ही फोन अगदी सारखे दिसतात.

जाहिरातीत ‘अनलॉक्ड’ लिहिलेलं असतं ते जवळपास नेहमी पहिल्या कुलपाबद्दल. म्हणून विकणाऱ्याला दोन वेगळे प्रश्न विचारा: कुठलंही सिम चालतं का, आणि बूटलोडर उघडतो का. दुसरा प्रश्न त्याला कळला नाही, तर त्याचं उत्तर तुम्हालाच फोन हातात घेऊन काढावं लागेल. ते कसं, ते तपासणीच्या भागात सांगते.

हप्त्यांवर घेतलेल्या फोनात आणखी एक अडसर सापडतो. हप्ता चुकला की फोन दुरून बंद करता यावा म्हणून कर्ज देणाऱ्याचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर त्यात घातलेलं असतं. असा फोन दुसऱ्याकडून विकत घेऊ नका. पहिल्या मालकाचे हप्ते थकले तर फोन तुमच्या हातात बंद पडेल.

मुक्तस्रोत म्हणजे किती मुक्त?

मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर. इथे अपेक्षा नेमकी असलेली बरी. अँड्रॉइडची घोषणा २००७ मध्ये झाली आणि पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला. त्याचा गाभा, म्हणजे अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट, मुक्त आहे आणि त्याखालचं, हार्डवेअरशी बोलणारं लिनक्स कर्नलही मुक्त आहे. दुकानातल्या फोनवर या गाभ्याच्या वर गूगलच्या सेवांचा थर असतो: प्ले स्टोअर, नोटिफिकेशन पोचवणारी यंत्रणा, ठिकाण शोधणारी यंत्रणा. हा थर बंद आहे. गाभ्याच्या खालीही एक बंद थर आहे, मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग), ग्राफिक्स आणि कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे त्या भागांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. ते चिप बनवणाऱ्या कंपनीकडून येतं आणि त्याचा सोर्स कोड मिळत नाही.

म्हणजे वरचा थर तुम्ही काढू शकता किंवा बदलू शकता. खालचा थर परवडणाऱ्या कुठल्याही फोनवर तसाच राहतो. पाइनफोन आणि लिब्रेम ५ हे मुळात लिनक्ससाठी बनवलेले फोन. त्यांत मायक्रोफोन, कॅमेरा, मोडेम खरोखरच्या बटणाने बंद करता येतात, पण मोडेमच्या आत बंद फर्मवेअर तिथेही आहे. शंभर टक्के मुक्त फोन शोधत बसलात तर काहीच घेणार नाही. मधला थर आणि ॲप मुक्त असावीत, एवढं उद्दिष्ट पुष्कळ आहे.

आणि त्याचा फायदा खिशालाही होतो. फोनचं हार्डवेअर ठणठणीत असताना निर्माता अपडेट देणं थांबवतो आणि चांगला फोन कपाटात जातो. सोर्स कोड खुला असल्यामुळे दुसरे लोक त्या फोनसाठी अपडेट बनवत राहू शकतात. स्वस्त फोन आणि मुक्त प्रणाली यांची जोडी म्हणूनच जमते.

पायरी १: जी ॲप सोडता येणार नाहीत त्यांची यादी

कागद घ्या आणि ज्या ॲपशिवाय तुमचा आठवडा जात नाही ती लिहा. प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा मारा: पर्याय चालेल, ब्राउझरमधून काम होईल, किंवा हेच ॲप हवं.

शेवटच्या गटात बहुधा बँकेचं ॲप, पैसे पाठवायचं ॲप आणि नोकरीच्या ठिकाणी सक्तीचं असलेलं एखादं ॲप येतं. यातली काही ॲप फोन ‘अस्सल’ आहे का हे गूगलच्या प्ले इंटिग्रिटी यंत्रणेला विचारतात. बूटलोडर उघडा असेल किंवा प्रणाली गूगलने प्रमाणित केलेली नसेल तर उत्तर नकारार्थी येतं आणि ॲप उघडायचं नाकारतं. एकच ॲप एका प्रणालीवर चालतं आणि दुसरीवर अडतं. तुमच्या बँकेच्या ॲपचं नाव आणि प्रणालीचं नाव एकत्र शोधलं की आधी कोणी प्रयत्न केला असेल तर त्याचा अनुभव सापडतो. हा शोध फोन घेण्याआधी घ्यायचा.

अडणारं ॲप एखादंच असेल तर जुना फोन घरी ठेवून त्यावर ते चालवणं हा सरळ उपाय आहे. मी वर्षभर तसंच केलं. रोजच्या वापरात त्याचा त्रास होत नाही, मात्र जुन्या फोनचे अपडेट बंद झाले असतील तर पैशाचं ॲप त्यावर ठेवू नका.

पायरी २: प्रणाली ठरवा

लाइनेज ओएस सगळ्यात जास्त मॉडेलवर चालते. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही अशीच आधीची पर्यायी प्रणाली बंद पडली तेव्हा त्याच्याच कोडवरून स्वयंसेवकांनी ही उभी केली. स्वच्छ अँड्रॉइड, गूगलच्या सेवा मुळात नाहीत. हव्या असतील तर स्वतः वेगळ्या टाकायच्या. जुना, स्वस्त फोन जगवायचा असेल तर मी आधी हिच्याच यादीत पाहते. उणीव अशी, की बहुतेक फोनांवर हिच्यासोबत बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. फोन अनोळखी हातात पडला तर त्यात फेरफार करणं त्यामुळे सोपं होतं.

ई ओएस लाइनेजवर आधारलेली आहे आणि तिच्यात मायक्रोजी आधीपासून असतं. मायक्रोजी म्हणजे गूगलच्या सेवांच्या जागी बसणारा छोटा मुक्तस्रोत पर्याय. त्यामुळे नोटिफिकेशन आणि नकाशावर अवलंबून असलेली बरीच ॲप गूगलचं खातं न जोडता चालतात. मँड्रेक लिनक्स ही संगणकाची प्रणाली सुरू करणारे गाएल दुवाल यांचा हा प्रकल्प. म्युरेना या नावाने ही प्रणाली आधीच बसवलेले फोनही विकले जातात. ज्याला केबल आणि कमांडच्या वाटेला जायचं नाही त्याने हा रस्ता धरावा.

ग्राफीन ओएस सुरक्षेच्या बाबतीत या सगळ्यांत पुढे आहे, आणि आजवर ती फक्त गूगलच्याच पिक्सेल फोनांवर चालत आली आहे. गूगलपासून दूर जायला गूगलचाच फोन घ्यायचा हे अनेकांना खटकतं; कारण तांत्रिक आहे. पिक्सेलवर दुसरी प्रणाली बसवून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, तोही त्या प्रणालीच्या स्वतःच्या सहीने. फार थोडे निर्माते ही मुभा देतात. ग्राफीनवर गूगल प्ले साध्या ॲपसारखं, विशेष अधिकारांशिवाय बसवता येतं, म्हणून ‘हेच ॲप हवं’ या गटातली पुष्कळ ॲप तिथे चालतात. पहिल्या पायरीची यादी लांब असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जुना पिक्सेल आणि ग्राफीन.

याखेरीज अँड्रॉइड नसलेल्या प्रणाली आहेत. पोस्टमार्केट ओएस २०१७ पासून चालू आहे, अल्पाइन या छोट्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली आहे आणि फोन दहा वर्षं टिकावा हे तिचं ध्येय आहे. उबुंटू टच तिच्या मूळ कंपनीने, कॅनॉनिकलने, २०१७ मध्ये सोडून दिली, पुढे यूबीपोर्ट्स या समुदायाच्या लोकांनी ती सांभाळली. सेलफिश या तिसऱ्या प्रणालीचा बराच भाग मुक्त आहे, दर्शनी भाग नाही. या प्रणालींबद्दल मला मनापासून आदर आहे आणि वनप्लस ६ किंवा पोको एफ१ सारख्या २०१८ च्या फोनांवर पोस्टमार्केट ओएसने चांगली मजल मारली आहे. तरी घरातला एकमेव फोन म्हणून मी त्या सुचवणार नाही. कॉल, कॅमेरा, बॅटरी यांपैकी काही ना काही अर्धवट राहतं, आणि संकटात लावायचा कॉल लागेलच याची खात्री हवी.

पायरी ३: यादीतून मॉडेल, तेही अक्षर न अक्षर जुळवून

प्रत्येक प्रणालीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या फोनांची यादी असते. तिथे फोनला बाजारातल्या नावाबरोबर एक सांकेतिक नाव असतं: पिक्सेल ६ए म्हणजे ब्लूजे, ७ए म्हणजे लिंक्स, ८ए म्हणजे अकिता. फाइल उतरवताना हेच नाव जुळलं पाहिजे.

लाइनेजच्या यादीत प्रत्येक फोनचं स्वतंत्र पान असतं. ते पान वरून खालपर्यंत वाचा. चालणारे मॉडेल क्रमांक कोणते, बूटलोडर कसा उघडायचा, आधी निर्मात्याची कुठली अँड्रॉइड आवृत्ती फोनवर हवी, हे सगळं तिथे दिलेलं असतं. एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगळी चिप असलेले फोन विकले जातात. सेटिंग्जमधल्या ‘फोनविषयी’ या पानावरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत पाहा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी तो दुसराच फोन असू शकतो. त्या फोनसाठी अजून नवे बिल्ड, म्हणजे तयार आवृत्त्या, निघतात की काम थांबलंय हेही त्याच पानावर कळतं. थांबलेलं असेल तर पुढचा फोन पाहा.

निर्मात्यांची वागणूकही वेगवेगळी आहे. फेअरफोन आणि सोनी संकेतस्थळावरून बूटलोडर उघडायचा कोड देतात. मोटोरोलाही अनेक मॉडेलना देते, वॉरंटी मात्र जाते. शाओमीमध्ये खातं जोडून थांबावं लागतं आणि नव्या फोनांवर अटी कडक होत गेल्या आहेत. सॅमसंगमध्ये बूटलोडर उघडून दुसरी प्रणाली टाकली की नॉक्सची, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेची, खूण कायमची बदलते. नंतर मूळ प्रणाली परत टाकली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या गोष्टी चालत नाहीत, आणि काही प्रदेशांतले सॅमसंग फोन उघडतच नाहीत. हुआवेने २०१८ मध्ये कोड देणंच बंद केलं, त्यामुळे त्यांचे नंतरचे फोन कितीही स्वस्त मिळाले तरी या कामाचे नाहीत. आयफोनचा तर विचारच नको.

आणखी एक तपासणी लोक विसरतात: नेटवर्क. तुमची टेलिकॉम कंपनी ४जी आणि ५जीसाठी कोणते बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) वापरते ते तिच्या माहितीत शोधा आणि फोनच्या त्याच मॉडेल क्रमांकाच्या तपशिलाशी ताडून पाहा. जिथे जुनी ३जी सेवा बंद झाली आहे तिथे कॉलसुद्धा ४जीवरूनच जातो, म्हणजे व्होएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) चालायलाच हवं. इंटरनेट सुसाट चालतंय आणि कॉल मात्र लागत नाही, अशी अवस्था झाली तर तेच कारण असतं.

पायरी ४: उरलेलं आयुष्य मोजा

फोनची किंमत एकटी पाहून काही कळत नाही. निर्मात्याचे सुरक्षा अपडेट कधीपर्यंत आहेत ते शोधा, आजपासून किती महिने उरलेत ते मोजा आणि किंमतीला त्या महिन्यांनी भागा. समजा एक फोन १०० ला मिळतोय आणि २० महिने उरलेत: महिन्याला ५ पडले. दुसरा १८० ला आहे पण ६० महिने उरलेत: महिन्याला ३. महाग वाटलेला फोन स्वस्त निघाला.

पिक्सेलचे आकडे जाहीर आहेत, म्हणून उदाहरणाला सोपे. ६ए जुलै २०२२ मध्ये आला, त्याला जुलै २०२७ पर्यंत अपडेट. ७ए ला मे २०२८ पर्यंत. ८ पासून पुढच्या फोनांना सात वर्षं, म्हणजे मे २०२४ मध्ये आलेला ८ए २०३१ पर्यंत जातो. शिवाय ८ पासून प्रोसेसरमध्ये मेमरी टॅगिंग (मेमरीतल्या चुकांचा गैरफायदा घेणारे हल्ले पकडायची सोय) आहे, ज्याचा ग्राफीन चांगला उपयोग करते. ६ए घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बॅटरी तापण्याच्या तक्रारींमुळे २०२५ मध्ये त्याला एक सक्तीचा अपडेट आला, त्याने ४०० चार्जिंग फेऱ्यांनंतर काही नगांच्या बॅटरीची क्षमता कमी केली जाते. फेअरफोन ५ ला २०२३ मध्ये किमान आठ वर्षांचं आश्वासन दिलं गेलं आणि त्याची बॅटरी नखाने निघते. तो ‘स्वस्त’ या शब्दात बसत नाही, पण वापरलेला मिळाला तर वरचा भागाकार त्याच्याही बाजूने लागू शकतो.

निर्मात्याने हात काढून घेतल्यावर लाइनेज फोन चालवत राहते हे खरं. पण तिला अँड्रॉइडचा गाभा दुरुस्त करता येतो; मोडेम आणि चिपच्या बंद फर्मवेअरमधली भोकं फक्त निर्माताच बुजवू शकतो. लाइनेजमध्ये ‘अँड्रॉइड आवृत्ती’च्या पानावर दोन तारखा दिसतात: एक अँड्रॉइडच्या सुरक्षा पॅचची (दुरुस्तीची), दुसरी व्हेंडर पॅचची, म्हणजे निर्मात्याकडून आलेल्या दुरुस्तीची. पहिली पुढे सरकत राहते, दुसरी एका जागी थिजते. थिजलेल्या तारखेचा फोन पुस्तकं वाचायला, गाणी ऐकायला, मुलांना द्यायला चांगला आहे. पैशांचे व्यवहार मात्र दोन्ही तारखा पुढे सरकणाऱ्या फोनवरच करावेत, असं मी ठरवलं आहे.

पायरी ५: कराराचा हिशोब

‘फोन जवळपास फुकट’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथे आकडेमोड करा. फोनसकट योजना महिन्याला ५० ची, तीच सेवा नुसत्या सिमवर ३० ला. फरक २०. करार २४ महिन्यांचा, म्हणजे ४८०. सुरुवातीला भरलेले ६० धरले की फोन ५४० ला पडला. तोच फोन करारमुक्त ४०० ला मिळत असेल तर १४० जास्तीचे गेले, दोन वर्षं बांधून घेतलं, आणि बूटलोडर बंद असण्याची शक्यता वाढली ती वेगळीच. रोख पैसे एकदम देणं जमत नसेल तर एक पिढी जुना फोन घ्या.

पायरी ६: फोन हातात आल्यावर

वापरलेला फोन घेताना शक्यतो दिवसाउजेडी, वाय-फाय किंवा हॉटस्पॉट मिळेल अशा जागी भेटा. स्वतःचं सिम आणि डेटा चालणारी केबल सोबत न्या. अर्धा तास हाताशी ठेवा. विकणारा घाई करत असेल तर परत फिरा.

सगळ्यात आधी बूटलोडर. सेटिंग्ज, फोनविषयी, बिल्ड नंबरवर सात टिचक्या, मग मागे जाऊन डेव्हलपर पर्याय. ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करून पाहा. राखाडी दिसलं तर लगेच नाकारू नका. फोन इंटरनेटला जोडा आणि थोडं थांबा, कारण काही फोन, विशेषतः पिक्सेल, आपण टेलिकॉम कंपनीकडून विकले गेलो होतो का हे सर्व्हरला विचारून मगच ते बटण मोकळं करतात. जोडल्यावरही राखाडीच राहिलं तर तो फोन घेऊ नका. शाओमी, मोटोरोलासारख्या ठिकाणी हे बटण चालू झालं म्हणजे अर्धंच काम झालं, कोड किंवा परवानगी वेगळी लागते. म्हणून मॉडेलचं पान आधी वाचलेलं हवं.

मग *#०६# दाबा. १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. चोरीच्या फोनांची यादी तुमच्या भागात तपासता येत असेल तर तिथेही टाका. आकडे जुळत नाहीत तर विषय संपला.

तिसरी गोष्ट खातं. २०१५ मधल्या अँड्रॉइड ५.१ पासून रीसेट संरक्षण आहे: मालकाचं गूगल खातं न काढता फोन रिकव्हरीतून (मुख्य प्रणाली न उघडता फोन पुसायच्या, दुरुस्त करायच्या छोट्या प्रणालीतून) पुसला तर तो पुन्हा तेच खातं मागतो आणि पुढे जात नाही. विकणाऱ्याला तुमच्यासमोर सेटिंग्जमधून खातं काढायला सांगा, फोन पुसायला सांगा आणि सुरुवातीचा स्वागताचा पडदा पार होईपर्यंत पैसे देऊ नका.

उरलेली तपासणी भरभर होते. तुमचं सिम टाकून एक कॉल लावा, पलीकडच्याला आवाज नीट येतो का विचारा, फोन कानाला लावल्यावर पडदा काळा होतो का पाहा. पूर्ण पांढरं चित्र उघडा. ओलेड पडद्यावर जुन्या कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची सावली दिसली तर पडदा भाजलेला आहे. चार्जिंगच्या खाचेत केबल घालून हलकेच हलवा. संपर्क तुटत असेल तर प्रणाली बसवताना मध्येच तुटेल, आणि ते धोक्याचं. खाचेत नुसता कचरा अडकलेला असेल तर लाकडी काडीने निघतो. फिंगरप्रिंट, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, बटणं. फोनची पाठ किंचित फुगलेली वाटली, पडद्याची कड उचललेली दिसली तर बॅटरी सुजलेली आहे. तो फोन घेऊ नका आणि खिशातही ठेवू नका.

बॅटरी थोडी थकलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. तिची बदली किती पैशांत होते ते आधीच विचारून ठेवा आणि तेवढे भावात कमी करून मागा.

पायरी ७: प्रणाली बसवणं

बूटलोडर उघडला की फोनवरचं सगळं पुसलं जातं. फोटो, संपर्क, संदेश आणि विशेषतः दुहेरी पडताळणीचे कोड आधी बाहेर काढा.

ग्राफीन ब्राउझरमधूनच बसवता येते. क्रोमियमवर चालणारा ब्राउझर हवा. संगणक नसेल तर दुसऱ्या अँड्रॉइड फोनवरूनही काम होतं. एकामागून एक बटणं दाबत जायचं, शेवटी बूटलोडर पुन्हा बंद करायचा आणि ओईएम अनलॉकिंगचं बटणही बंद करायचं. ई ओएसलाही काही मॉडेलसाठी असा सोपा इन्स्टॉलर आहे.

लाइनेजसाठी संगणकावर एडीबी आणि फास्टबूट ही केबलवरून फोनला कमांड देणारी साधनं लागतात. बूटलोडर उघडायचा, लाइनेजची रिकव्हरी टाकायची, त्या रिकव्हरीतून लाइनेजची मुख्य फाइल पाठवायची. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल बदललेली नाही हे तपासायची तिची खूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गूगलच्या सेवा हव्याच असतील तर त्याही याच बैठकीत टाका. एकदा फोन सुरू झाला की मग त्या नीट बसत नाहीत, पुन्हा पुसून पहिल्यापासून करावं लागतं.

आणि हे नीट वाचा: लाइनेज बसवल्यावर हौसेने बूटलोडर पुन्हा बंद करू नका. पडताळणीची सही जुळत नाही, फोन सुरूच होत नाही, आणि काही मॉडेलवर त्यातून परत येण्याचा मार्ग नसतो. फेअरफोनसारख्या, पुन्हा बंद करता येणाऱ्या फोनवरही नव्या प्रणालीचा पॅच आधीच्यापेक्षा जुना असेल तर हाच घात होतो. सूचनांमध्ये ‘बंद करा’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच बंद करा, आणि तेव्हाही दोन्ही पॅचच्या तारखा ताडून पाहा.

पूर्ण चार्ज केलेला फोन, चांगली केबल, मध्ये हब नको, संगणकाच्या पोर्टला थेट जोडणी. मध्येच पडदा काळा राहिला तर पहिली दहा मिनिटं हात लावू नका. पहिली सुरुवात व्हायला वेळ लागतो.

पायरी ८: पहिला आठवडा

एफ-ड्रॉइड टाका. २०१० पासून चालणारं हे ॲपचं भांडार. बहुतेक ॲप सोर्स कोडपासून स्वतः बांधून देतं, आणि एखाद्या ॲपमध्ये माग काढणारा कोड असेल तर त्याच्या पानावर तसं लिहून ठेवतं. नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स, ईमेलसाठी थंडरबर्ड, पासवर्डसाठी कीपासडीएक्स, पडताळणी कोडसाठी एजिस, पॉडकास्टसाठी अँटेनापॉड: एवढ्यावर माझं बहुतेक काम भागतं. देवनागरी टंकनासाठी हेलीबोर्ड पुरतो. बोट फिरवून लिहायची सवय असेल तर तेवढी सोय सहज मिळत नाही. जी ॲप एफ-ड्रॉइडवर नाहीत ती ऑरोरा स्टोअरमधून खातं न जोडता उतरवता येतात, कधीमधी ते अडतं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.

कॅमेऱ्याबद्दल खरं सांगायला हवं. निर्मात्याच्या ॲपमध्ये अनेक फोटो जुळवून एक करण्याची जी करामत असते ती लाइनेजवर बहुधा मिळत नाही, रात्रीच्या फोटोंचा दर्जा घसरतो. फोटो तुमच्यासाठी महत्त्वाचे असतील तर हे पहिल्या पायरीच्या यादीत लिहा.

पहिल्या आठवड्यात जुना फोन पुसू नका. सिम नव्यात घाला, जुना वाय-फायवर चालू राहू द्या. रोज एक ॲप हलवा. पहिल्या दिवशी आलेले आणि गेलेले कॉल, ओटीपीचे संदेश, नोटिफिकेशन वेळेवर येतं का हे पाहा. ते उशिरा येत असेल तर त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. बँकेचं ॲप शेवटी हलवा, आणि ते नव्या फोनवर एक पूर्ण व्यवहार करून दाखवेपर्यंत जुन्यावरून काढू नका. सगळं जमलं की जुन्या फोनमधून खातं आधी काढा, मग तो पुसा. तो विकत घेणाऱ्यालाही स्वागताचा पडदा पार करायचा असतो.